तोच की तसाच?

“अगं, हा फोन बघ काय म्हणतोय,” असं म्हणत आईने तिचा फोन माझ्या नाकासमोर धरला, तेव्हा माझी सबमिशन्स दोन दिवसांवर आली होती. फोन म्हणत होता, स्टोरेज फुल! घरातली एक व्यक्ती इंजिनीअरिंगला गेली, की घरातले सगळे फोन, टीव्हीचा रिमोट आणि वेळप्रसंगी गीझरसुद्धा तिच्या सिलॅबसमध्ये येतो, हे तुम्हां सर्वांना अनुभवाने माहीत असेलच. तर जर्नल बाजूला ठेवलं आणि फोन हातात घेतला.

६४ जीबीचा फोन आणि त्यात ११ हजार फोटो! माझी आई कुठलाही फोटो एकदा काढत नाही. “एखादा हलला तर?” म्हणून पाच-सहा काढते. मग त्यातला एक मावशीला पाठवते, एक फॅमिली ग्रुपवर टाकते. शिवाय रोज सकाळी उगवत्या सूर्यासकट आणि गुलाबासकट येणारे सुप्रभात. या सुप्रभातांची कीर्ती तर साता समुद्रापार गेलेली आहे. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्यावर अख्खी बातमी छापली होती, की भारतीयांचे फोन गुड मॉर्निंगच्या चित्रांनी भरून जात आहेत!

मी आधी व्हॉट्सॲपचे मोठमोठे व्हिडिओ उडवले. मग गॅलरीत ‘सारखे फोटो’ शोधायची सोय होती, ती उघडली. फोनने दोन मिनिटांत सगळ्या फोटोंचे गठ्ठे केले. प्रत्येक गठ्ठ्यात एका फोटोवर ‘बेस्ट’ असा शिक्का आणि बाकी सगळ्यांवर आपोआप टिक. खाली एक बटण, ‘सर्व डिलीट करा’. मी दाबलं. झालं! आई खूश, मी जर्नलकडे.

सव्वीस दिवसांनी आई माझ्या खोलीत आली. आजी, म्हणजे आईची आई, गेली त्याला वर्ष होत आलं होतं आणि वर्षश्राद्धाला फोटो फ्रेम करून घ्यायचा होता. २०२३ च्या दिवाळीत सांगलीला आजी चकल्या करत होती, तेव्हाचा फोटो आईला हवा होता. मी शोधून दिला. आजी सोऱ्या घेऊन बसलेली, कॅमेऱ्याकडे बघतेय, फोटो छान स्वच्छ.

आई म्हणाली, “हा नाही गं. तो दुसरा. चकलीचा तुकडा पडला आणि ती हसायला लागली, तो.”

“अगं आई, तसाच तर आहे हा!”

“तसाच आहे,” आई म्हणाली, “पण तो नाही.”

आणि माझ्या पोटात गोळा आला. तो फोटो मीच उडवला होता.

पुढे काय झालं ते सांगतेच. पण आधी, फोनला ‘सारखे’ म्हणजे नेमकं काय कळतं, ते बघू या. कारण त्या दिवसानंतर सबमिशन, सिरीज टेस्ट सगळं सोडून मी तेच वाचत बसले होते.

एकरूप आणि समरूप

कॉन्व्हेंटच्या कृपेने मी भूमिती इंग्रजीतून शिकले. मराठी मीडियमच्या माझ्या मैत्रिणीकडून मला कळलं, की त्यांच्या पुस्तकात त्रिकोणांसाठी दोन फार सुंदर शब्द होते, एकरूप आणि समरूप. फोटोंच्या बाबतीत हाच फरक आहे. डुप्लिकेट म्हणजे एकरूप, ‘तोच’. सिमिलर म्हणजे समरूप, ‘तसाच’. या दोन गोष्टी शोधायच्या रीती पूर्णपणे वेगळ्या आहेत आणि घोळ होतो तो दोन्हींना एकाच झाडूने झाडल्यामुळे.

आधी ‘तोच’ बघू. फोन फोटो बघतच नाही, तो फाइल बघतो. फाइल म्हणजे बाइट्सची लांबलचक रांग. दोन फाइल्स तंतोतंत एक आहेत का, हे ठरवायला आधी त्यांचा आकार बघायचा. एक ३२,१४,५०७ बाइट्सची आणि दुसरी ३२,१४,५०८ ची असेल, तर प्रश्नच मिटला. आकार जुळला, तरच पुढे हॅश काढायचा.

हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा ना. फाइल केवढीही असो, ठसा ठरावीक लांबीचा. रॉन रिव्हेस्ट यांचा एमडी५ हा अल्गोरिदम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा ठसा १२८ बिटांचा असतो. एसएचए-२५६ चा ठसा नावाप्रमाणेच २५६ बिटांचा. चांगल्या हॅशची गंमत अशी, की फाइलमधला एक, फक्त एक बिट बदलला, तरी ठशातले जवळजवळ निम्मे बिट बदलतात. त्यामुळे दोन फोटोंचे ठसे जुळले, तर ते फोटो एकच, असं बिनधास्त म्हणावं. एमडी५ मध्ये मुद्दाम ठसे जुळवून फसवणूक करता येते, हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि तेव्हापासून सिक्युरिटीच्या कामात त्याच्यावर विसंबत नाहीत. पण आपल्या गॅलरीत चकलीचे फोटो खोटे ठसे घेऊन शिरणार नाहीत, तेव्हा इथे तो चालून जातो.

म्हणजे ‘तोच’ हे गणित आहे. उत्तर हो किंवा नाही. यात फोनवर पूर्ण विश्वास टाकायला हरकत नाही. एकरूप दोन प्रतींपैकी कुठलीही उडवा, गेलेलं काहीच नाही.

पण मग व्हॉट्सॲपचं काय?

इथे पहिली मेख आहे. आईने कॅमेऱ्याने काढलेला फोटो मावशीला पाठवला, की व्हॉट्सॲप तो लहान करतं, नव्याने जेपीईजीमध्ये दाबतं आणि मग पाठवतं. अँड्रॉइडवर ही पाठवलेली प्रत आपल्याच फोनमध्ये ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये बसून राहते. आता डोळ्यांना दोन्ही फोटो एकच दिसतात, पण बाइट्स पार वेगळे. ठसा जुळणं शक्यच नाही!

जेपीईजी फोटो कसा दाबतं? फोटोचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनावर डीसीटी, म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म लावायचा. हो, आपल्याला पेपरात येतो तोच! त्यामुळे चौकोनातली ढोबळ माहिती आणि बारीक माहिती वेगवेगळी होते. डोळ्याला फारशी न कळणारी बारीक माहिती मग राउंड ऑफ करून टाकायची. एकदा टाकली की गेली. म्हणून असा नव्याने दाबलेला फोटो पुन्हा मूळ फोटो होत नाही.

जाता जाता सांगायलाच हवं, की हा डीसीटी ज्यांच्या डोक्यातून आला ते नासिर अहमद मूळचे बंगळूरचे, तिथेच इंजिनीअर झालेले. अमेरिकेत प्राध्यापक असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. एका परीक्षकाला तर कल्पना फारच सोपी वाटली होती! १९७४ मध्ये अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांचा पेपर प्रसिद्ध झाला आणि १९९२ मध्ये जेपीईजी स्टँडर्ड झालं ते याच डीसीटीच्या खांद्यावर. तेव्हा मित्रांनो, तुमच्या प्रोजेक्टची आयडिया गाइडने “फार सिंपल आहे” म्हणून परत केली, तर इतकंही वाईट वाटून घेऊ नका.

आता ‘तसाच’

तर असे दाबलेले, छोटे केलेले, किंचित वेगळे फोटो ओळखायचे, तर वेगळ्या प्रकारचा ठसा हवा. फोटो थोडा बदलला तर ठसाही थोडाच बदलला पाहिजे. म्हणजे आधीच्या हॅशच्या बरोबर उलट स्वभाव. याला परसेप्च्युअल हॅश म्हणतात. त्यातला सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे डीहॅश, म्हणजे डिफरन्स हॅश. मी तो पायथनमध्ये पंधरा-वीस ओळींत लिहिला. तुम्हीही लिहून बघा.

पहिली पायरी, फोटो काळा-पांढरा करायचा. दुसरी, तो आकसून फक्त ९ आडवे आणि ८ उभे, म्हणजे ७२ चौकोनांचा करायचा. तिसरी, प्रत्येक ओळीत शेजारशेजारच्या दोन चौकोनांची तुलना करायची. डावा जास्त उजळ असेल तर १, नसेल तर ०. नऊ चौकोनांत आठ तुलना, अशा आठ ओळी, म्हणजे ६४ बिट. झाला ठसा तयार, फक्त ८ बाइट्सचा!

आता दोन ठसे समोरासमोर ठेवायचे आणि किती जागी बिट वेगळे आहेत ते मोजायचं. याला म्हणतात हॅमिंग डिस्टन्स. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये एरर करेक्टिंग कोड्सवर लिहिलेल्या पेपरातून ही कल्पना आली. व्हायवाला हॅमिंग कोड विचारला की आपण ज्यांच्या नावाने बोटं मोडतो, तेच हे. अंतर ० आलं, तर बहुधा तोच फोटो, फार तर नव्याने दाबलेला. अंतर ३०-३५ आलं, तर फोटोंचा एकमेकांशी संबंध नाही. कारण नाणं उडवून ६४ बिट लिहिले, तरी सरासरी ३२ वेगळे निघतातच.

आणि काम किती पटकन होतं बघा. ११ हजार फोटोंतल्या प्रत्येकाची दुसऱ्या प्रत्येकाशी तुलना म्हणजे ६ कोटींच्या वर जोड्या. मूळ फोटो पिक्सेल पिक्सेल करून ताडत बसलो, तर आपली डिग्री होईल पण फोनचं काम संपणार नाही. पण ठसे ८ बाइट्सचे आहेत. सगळे मिळून ८८ हजार बाइट्स. एक एक्स-ऑर करायचा आणि १ मोजायचे. प्रोसेसरला हे म्हणजे चणे-फुटाणे.

हल्लीचे फोन याच्या पुढे गेले आहेत. ते न्यूरल नेटवर्क वापरून फोटोत काय आहे याचा अंदाज शेकडो आकड्यांच्या रांगेत मांडतात आणि दोन रांगा किती जवळ आहेत ते मोजतात. आयफोनमध्ये २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ पासून डुप्लिकेट्सचा वेगळा अल्बम आहे. गुगल फोटोजमध्ये २०२३ पासून एकामागोमाग काढलेल्या सारख्या फोटोंचा गठ्ठा आपोआप होतो. पद्धत बदलली, पण एक गोष्ट तीच राहिली. शेवटी एक आकडा येतो आणि कोणाला तरी ठरवावं लागतं, की इतक्या अंतराच्या आत ‘सारखे’ आणि त्याच्या बाहेर ‘वेगळे’. ही रेघ गणितातून येत नाही. ती कोणीतरी माणूस मारतो. आणि त्याने तुमची आजी पाहिलेली नसते.

आजीचं हसू कुठे गेलं?

चकलीचे ते नऊच्या नऊ फोटो नंतर मी माझ्या डीहॅशमधून काढले. ‘बेस्ट’चा शिक्का मिळालेला फोटो आणि आईचा हसण्याचा फोटो, अंतर किती? ६४ पैकी ३.

असं का, ते हिशोब केल्यावर कळलं. फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. त्याचे ७२ चौकोन केले, तर एकेका चौकोनात सुमारे १ लाख ६७ हजार पिक्सेल गेले. आजीचा चेहरा त्या फोटोत एवढासा, एका चौकोनात मावेल इतका. मागची खिडकी, शेगडी, पसरलेला वर्तमानपत्राचा कागद, त्यावरच्या चकल्या, हे सगळं दोन्ही फोटोंत तिथल्या तिथे. जे ३ बिट बदलले, ते तिच्या हाताकडचे होते. हसू एकाही बिटात नव्हतं! डीहॅशच्या दृष्टीने आजी हसलीच नाही.

माझ्या फोनची पद्धत नक्कीच जास्त हुशार असणार. पण ‘बेस्ट’ फोटो निवडताना अशी सॉफ्टवेअर्स साधारण काय बघतात? फोटो शार्प आहे का, उजेड नीट आहे का, डोळे उघडे आहेत का. आता आजी मनापासून हसली, की तिचे डोळे मिटायचे. आणि हसताना ती हलली, म्हणून हात पुसट आला होता. म्हणजे ज्या ज्या गोष्टींमुळे तो फोटो आईला हवा होता, नेमक्या त्याच गोष्टींमुळे तो नापास झाला!

फोनची चूक म्हणावी, तर फोनने विचारलं होतं. टिक करून माझ्यापुढे ठेवलं होतं. बघायचं मी नव्हतं.

हुश्श!

तर त्या संध्याकाळी मी फोनमधली कचरापेटी उघडली. आमच्या नशिबाने गॅलरीतून डिलीट केलेले फोटो तिथे ३० दिवस राहतात आणि ती रिकामी करायचा मी आळस केला होता. हसण्याचा फोटो तिथेच होता. खाली लिहिलं होतं, ४ दिवस बाकी.

चार दिवसांनी आईने विचारलं असतं, तर? हा विचार आजही आला की कसंतरीच होतं. प्रॅक्टिकलला आउटपुट चुकलं तर पुन्हा रन करता येतं. आजीला पुन्हा चकल्या करायला बसवता येणार नव्हतं.

आता जे शिकले ते तुमच्यासाठी. घरोघरी ही ड्युटी तुमच्याकडेच येणार आहे, म्हणून क्रमाने सांगते.

पहिलं म्हणजे काही उडवण्याआधी सगळे फोटो लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर कॉपी करा. कंटाळा येतो, पण तासाभराचं काम आहे.

दुसरं, सुरुवात फोटोंपासून नको, व्हॉट्सॲपपासून करा. सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा आणि त्यात मॅनेज स्टोरेज. तिथे ५ एमबीहून मोठ्या फाइल्स आणि पुष्कळ वेळा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स वेगळ्या काढून दिलेल्या असतात. आमच्या फोनवरचा स्टोरेज फुलचा मेसेज गेला, तो खरं तर या सफाईमुळेच. मी उडवलेले फोटो तर कचरापेटीत बसून तेवढीच जागा अडवत होते!

तिसरं, एकरूप फाइल्स. गुगलच्या फाइल्स ॲपमध्ये डुप्लिकेट फाइल्स दाखवणारी सोय आहे. इथे बिनधास्त उडवा.

चौथं, मूळ फोटो आणि त्याची व्हॉट्सॲपने दाबलेली प्रत यांत नेहमी मूळ ठेवा. तो आकाराने मोठा असतो आणि कधी काढला ही माहिती त्याच्या आत लिहिलेली असते. फोटो म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवला की ती माहिती पुसली जाते. महत्त्वाचा फोटो कोणाला द्यायचा असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जाईल.

पाचवं, गुगल फोटोजमध्ये जपून. तिथून डिलीट केलं, की फोनमधलाही जातो आणि बॅकअपमधलाही. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल, तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. ती बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधलीच प्रत काढते. आणि १ जून २०२१ पासून तिथला फुकट अमर्याद साठा बंद झाला आहे. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, एवढंच फुकट.

सहावं, सुप्रभात. ग्रुपच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद केली, की चित्रं गॅलरीत दिसत नाहीत. पण नीट ऐका, दिसत नाहीत एवढंच! जागा खातच राहतात. जागा वाचवायची तर ऑटो-डाउनलोड बंद करायला हवं.

आणि सातवं, सगळ्यात महत्त्वाचं. समरूप फोटोंना ‘सर्व डिलीट करा’ कधीही नाही. गठ्ठे फोनला करू द्या, त्यात तो आपल्यापेक्षा हजारपट तरबेज आहे. पण गठ्ठ्यातला कुठला ठेवायचा, हे ज्याचे फोटो आहेत त्याला विचारा. कचरापेटी लगेच रिकामी करू नका.

आम्ही तेच केलं. पुढचे तीन रविवार दुपारी मी आणि आई फोन घेऊन बसलो. मी गठ्ठा उघडायचे, आई सांगायची. “हा जाऊ दे. हाही. हा... थांब, हा राहू दे.” मला दोघांत काही फरक दिसायचा नाही. मग ती सांगायची, “इथे बघ, मागे दारात बाबांची चप्पल आहे. म्हणजे ते आलेले होते.” अशा वेगाने काम करणारा अल्गोरिदम परीक्षेत लिहिला, तर सर शून्य मार्क देतील. पण आईच्या मामाचं नाव, सांगलीच्या घराला आधी कुठला रंग होता, आजी भाजणीत काय काय घालायची, हे सगळं मला त्या तीन रविवारी कळलं.

११ हजारांचे ७ हजार झाले. फोन आता तक्रार करत नाही.

फ्रेमवाल्याने फोटो बघितला आणि म्हणाला, “ताई, हा जरा हललाय, डोळेही मिटलेत. दुसरा नाही का एखादा?”

आई म्हणाली, “आहे. पण हाच करा.”